आटे जुळले म्हणून फिल्टर जुळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरणीच्या तोंडावर आपल्या शेती पानावर ट्रॅक्टरच्या देखभालीचा मजकूर येतो. त्यात ‘फिल्टर वेळेवर बदला’ हे वाक्य ठरलेलं असतं. मी वेळेवरच बदलला होता, तरी अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकचा पंप गेला. म्हणून हे पत्र.

वसमत तालुक्यात माझी नऊ एकर काळी जमीन आहे. हळद, भुईमूग घेतो आणि मधल्या दिवसांत ट्रॅक्टर भाड्याने चालवतो. डिसेंबरात सर्व्हिसिंगचे तास भरले, पण कंपनीचा हायड्रोलिक फिल्टर तालुक्याला शिल्लक नव्हता. दुकानदाराने दुसरा काढून जुन्याशेजारी ठेवला. आटे तेच, रबरी रिंग तेवढीच, उंची बोटभर जास्त. ‘‘हा उलट बारीक गाळतो,’’ म्हणाले. किंमतही अडीचशेने कमी. मी घेतला.

जानेवारीत उन्हाळी भुईमुगाचं रान करायला रोटाव्हेटर जोडला. सकाळी सातला लिफ्ट उचलली की पंपातून खडे भरडल्यासारखा आवाज यायचा आणि रोटाव्हेटर थरथरत वर यायचा. दहा-अकराला ऊन तापलं की सगळं सुरळीत. थंडीने तेल घट्ट झालं असेल म्हणून मीही मनावर घेतलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ऐन रानात लिफ्ट बसली ती उठलीच नाही. पंप, तेल, मजुरी धरून साडेअठरा हजार गेले, भाड्याची चार कामं हातची गेली ती वेगळीच.

मिस्त्रींनी पंप खोलून आतली प्लेट पुसली आणि माझ्या हातात दिली. देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खड्डे. ‘‘घासल्याच्या रेघा नाहीत, कचरा गेलेला नाही. पंपाला तेल कमी पडलंय.’’ मग त्यांनी दोन्ही फिल्टर करवतीने कापले.

माझ्या ट्रॅक्टरला हा फिल्टर पंपाच्या आधी, ओढीच्या बाजूला आहे. पंप तेल ओढतो तेव्हा त्या तेलामागे जोर असतो तो फक्त हवेच्या दाबाचा, जेमतेम १ बार. घट्ट तेल दाट कागदातून पुरेसं येत नाही. मग तेलात बुडबुडे होतात, ते पंपात फुटतात आणि लोखंड टोकरतात. अशा वेळी वाट मोकळी करायला आत स्प्रिंगची बायपास झडप असते. ओढीच्या फिल्टरला ती साधारण ०.२ बारला उघडते. जुन्या फिल्टरची झडप माझ्या करंगळीने दबली. नव्याची अंगठ्याने जोर लावला तेव्हा कुठे हलली. तो इंजिन ऑइलचा फिल्टर निघाला! इंजिनात पंप तेल दाबाने ढकलतो, तिथे तशीच कडक झडप लागते. माझ्याकडे मात्र ती एकदाही उघडली नसणार.

‘बारीक गाळतो तो चांगला’ हा समज गावोगाव आहे. पंपानंतरच्या, म्हणजे तेल टाकीत परततानाच्या (परतीच्या) फिल्टरला १० ते २५ मायक्रॉनची जाळी ठीक आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ओढीच्या बाजूला मात्र जाळी मुद्दाम भरड ठेवतात. त्यातही नुसतं ‘१० मायक्रॉन’ छापल्याने काही कळत नाही, कारण त्या मापाचे निम्मेच कण अडवणाराही तेच छापू शकतो. आयएसओ १६८८९ या चाचणीत बीटा २०० आला, तर त्या मापाच्या २०० कणांतला एकच पलीकडे जातो. हा आकडा मी आमच्याकडच्या एकाही खोक्यावर पाहिलेला नाही.

वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ मुळे खोक्यावर किंमत, महिना-वर्ष, उत्पादकाचा पत्ता येतो. त्याच्याशेजारी फिल्टर ओढीचा की परतीचा, किती मायक्रॉनचा, बायपास किती बारला उघडतो, एवढं कंपन्यांनी मराठीत छापावं. दुकानदारांनी आटे मोजून नव्हे, ट्रॅक्टरच्या पुस्तकातला पार्ट नंबर बघून माल द्यावा. आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पुढच्या शेतकरी मेळाव्यात असे कापलेले फिल्टर टेबलावर मांडावेत. झडप स्वतःच्या बोटाने दाबून पाहिली की दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.

माझे दोन्ही फिल्टर मिस्त्रींच्या दुकानात खिळ्याला टांगलेले आहेत. मेळाव्यासाठी हवे असतील तर मी स्वतः आणून देईन.

– एक शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली