वहिनींचा व्यवसाय

निपाणी,
१८ जानेवारी २०२६

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी उचलला नाही आणि नंतर उलट फोनही केला नाही, याबद्दल तू रागावला असशील तर ते रास्तच आहे. माझा गुडघा होता तसाच आहे आणि साखर आटोक्यात आहे. परवा आमच्या घरी जे घडले ते इथे कोणाला सांगितले तर 'त्यात काय एवढे' म्हणतील. तू तसे म्हणणार नाहीस, म्हणून लिहीत आहे.

अण्णांना गेल्या श्रावणात अर्धांगाचा झटका आला, हे तुला कळले असेलच. बोलणे बरेचसे सुधारले आहे, पण उजव्या हाताच्या मुठीत कातडे कापायची रापी ठरत नाही. चपलेचे तळ कापण्याचे काम आता वहिनी करतात, वादीने शिवतातही त्याच, आणि वेणी तर त्या पहिल्यापासूनच घालत आल्या आहेत. शेळीच्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या पायाच्या अंगठ्यात धरून त्या वेणी घालू लागल्या की बघणाऱ्याला बोटे दिसत नाहीत, नुसती वेणी लांबत जाताना दिसते.

कारागिरांसाठीची केंद्राची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली, तेव्हा गल्लीतले सगळे अर्ज भरून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. अठरा व्यवसायांच्या यादीत चर्मकार आहे, ओळखपत्र मिळते, प्रशिक्षणाचे दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपये, आणि पाच टक्क्यांनी आधी एक लाखाचे व पुढे दोन लाखांचे कर्ज, तेही तारणाशिवाय. ज्या धंद्याला सावकाराशिवाय कोणी दारात उभे केले नाही, त्या धंद्यासाठी हे थोडे नव्हे, आणि मी ते नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. अण्णांचे सहा दिवसांचे प्रशिक्षण झाले. चाळीस वर्षे चपला बांधणाऱ्या माणसाला चप्पल कशी बांधावी हे शिकवल्याबद्दल तीन हजार रुपये मिळाले, आणि 'शाळेत असे पैसे दिले असते तर मीही मास्तर झालो असतो' असे ते मला सुनावून गेले. लाखाच्या कर्जातून कातडे आले आणि तीन-चार हंगाम व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागली नाही.

अडचण एवढीच की या योजनेत एका कुटुंबातून एकाच माणसाची नोंद होते, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको व अविवाहित मुले. मी अण्णांचे नाव घातले. त्या वेळी दुसरा विचार मनात आलासुद्धा नाही. वहिनींच्या व्यवसायाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'गृहिणी' असे लिहिले, आणि त्या शेजारी बसून वेणीच घालत होत्या.

परवा दोन लाखांच्या कर्जाच्या चौकशीसाठी बँकेचा एक तरुण अधिकारी आला. पोरगा सभ्य होता. चपला बाहेर काढून आत आला, एवढ्यावरूनच वहिनींना तो आवडला. अण्णांना त्याने काम दाखवायला सांगितले. अण्णांनी रापी डाव्या हातात घेतली, तळाच्या कातड्यावर टेकवली आणि तशीच धरून बसले. मी घाईघाईने हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या, आणि त्याने सहज विचारावे तसे त्यांना कन्नडमध्ये विचारले, तुम्ही काय करता? त्यांच्या पदरावर कातड्याचे तुकडे चिकटलेले होते, हिरड्याच्या पाण्याने बोटे काळवंडलेली होती. त्या म्हणाल्या, "एनू इल्ला सर." काही नाही. मी तिथेच होतो, वसंता, आणि मीही बोललो नाही, कारण खरे सांगितले असते तर कागदावरचा कारागीर काम करत नाही हे उघड झाले असते आणि कर्ज गेले असते.

तुला जनगणनेचा माणूस आठवला असेल. तुझ्या आईने अर्ध्या गल्लीच्या वेण्या घातल्या आणि त्याला सांगितले, घरीच असते. त्याच्या वहीत तसेच उतरले. नंतर तू कोल्हापूरच्या वसतिगृहात वडील शेती करतात असे सांगितलेस, त्यावरून आपण आठ महिने बोललो नाही. तेव्हा मी तुला फार मोठ्या तोंडाने बोललो होतो. परवा माझे तोंड त्याहून घट्ट बंद होते, हे तुला कळवणे भाग आहे. अर्थात बापूंच्या तेराव्याला तू जे पांढरे बूट घालून आलास, ते मी अजून माफ केलेले नाही.

अण्णांच्या प्रशांतच्या नावाने नवा अर्ज करावा, तर तो अविवाहित, म्हणजे त्याच कुटुंबातला. लग्न झाले की त्याचे कुटुंब वेगळे धरता येईल, म्हणजे दोन लाखांसाठी आधी सून शोधावी लागेल आणि लग्नात चार लाख जातील. शिवाय तो रोज सीमा ओलांडून कागलच्या एमआयडीसीत जातो. वेणी त्याला येत नाही आणि शिकायचीही नाही. त्याला मी दोष देत नाही.

चपलेला सीमा नाही हे आपण ऐकत आलो. कापशी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण ती महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात; आपल्या गल्लीतला माल कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत गेला की कोल्हापुरी होतो. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा दोन्ही राज्यांचे चार-चार जिल्हे धरले, त्यात आपला बेळगाव आहे, ही गोष्ट मात्र न्यायाची झाली. गेल्या वर्षी मिलानच्या त्या प्राडा नावाच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला आधी न विचारता मिरवल्या आणि ओरड झाल्यावर डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. २,००० जोड्या, एकेक सुमारे ८०० युरोंना. जी दोन राज्ये १९५६ पासून एकेका गावासाठी भांडत आहेत, ती एका कागदावर सही करू शकली. अण्णांनी युरोचा हिशेब करायला लावला आणि तो ऐकून म्हणाले, "चहा टाक."

आता मुद्द्यावर येतो. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येक उत्पादकाला स्वतःच्या नावाने नोंद करता येते, तिथे घरटी एक अशी अट नाही. त्यातून कर्ज मिळणार नाही, हत्यारे मिळणार नाहीत. पण सरकारी कागदावर वहिनींचे नाव कारागीर म्हणून लागेल. अर्ज मी भरून ठेवला आहे. वहिनी सही करायला तयार नाहीत. 'त्यांना विचारा आधी' एवढेच म्हणतात. आणि अण्णांना विचारायचे म्हणजे, तुमचा हात आता परत येणार नाही असे आम्ही धरून चाललो आहोत, हे त्यांच्या तोंडावर सांगण्यासारखे आहे. रोज सकाळी ते डाव्या हाताने रापीला धार लावतात आणि उजव्या बाजूला ठेवतात.

कर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. आले तर अण्णांचा अंगठा घेऊन वहिनींच्या कष्टावर ते फेडायचे का, हे मला ठरवता येत नाही. तुझे मत हवे आहे, आणि पुण्याहून 'हा धंदाच बंद करा' असे नेहमीचे उत्तर कृपया पाठवू नकोस. ते मला पाठ आहे.

तुझ्या निवृत्तीचे कागद निघाले का? मेघनाला दिवस गेल्याचे शालिनीताईंकडून कळले, फार आनंद झाला. वहिनींकडे बाळंतविड्यात घालायला काय आहे हे तुला माहीत आहे. बोटभर तळाची जोडी त्यांनी कापूनही ठेवली आहे.

तू शिवरात्रीला येणार असशील तर अण्णांशी तूच बोल. माझे ते ऐकत नाहीत, तुझे ऐकतात. अर्ज तोवर तांदळाच्या डब्याखाली ठेवतो.

तुझा,
सुरेश