‘विचारून सांगते’ एवढं तरी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत सुट्टीतल्या नोकऱ्यांवर आलेला लेख वाचला. शाकाहारी रेस्टॉरंटमधलं काम त्यात हलक्या आणि निर्धोक कामांत धरलंय. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि नुकतीच संपलेली सुट्टी अशाच एका रेस्टॉरंटमध्ये वेटर म्हणून काढली. हलकं म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात रात्री जिना चढताना कठडा धरावा लागायचा. पण तक्रार त्याची नाही, पायाचे तुकडे प्रत्येक वेटरचे पडतात. मला बोलायचंय ते ‘निर्धोक’ या शब्दाबद्दल.

पहिले तीन दिवस ‘शिकण्याचे’ होते, म्हणजे बिनपगारी. त्या तीन दिवसांत मी भांडी घासली, पालेभाज्या निवडल्या आणि पुन्हा भांडी घासली. मांस-मच्छी नसलेल्या स्वयंपाकघरात काम कमी असेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सकाळी तिथे उभं राहावं. भाजी माती घेऊनच येते. ती तीन पाण्यांतून काढायची, निवडायची, सोलायची, चिरायची. तोवर दुसरं पोतं दारात हजर. या धबडग्यात एकच गोष्ट मला कुणी आपणहून शिकवली. मी भिजवलेल्या राजम्याचं पाणी तसंच पातेल्यात ओतायला निघाले, तेव्हा आचाऱ्यांनी हात धरला. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. तो निदान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. मंद आचेवर अर्धवट शिजवलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रास देऊ शकतो, आणि कच्चे चार-पाच दाणेही उलट्या सुरू व्हायला पुरतात. हे सगळं त्यांनी कांदा चिरता चिरता सांगितलं. शिकण्याच्या तीन दिवसांतलं माझं शिक्षण एवढंच, पाच मिनिटांचं.

चौथ्या दिवशी एप्रन आणि ऑर्डरची वही हातात देऊन मला बाहेर उभं केलं. कोणत्या पदार्थात काय आहे, हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सगळं शाकाहारीच तर आहे, विचारायचं काय?

दुसऱ्याच दिवशी एका आजोबांनी विचारलं, “चीजमध्ये रेनेट कुठलं आहे?” मला ते कंपनीचं नाव वाटलं. मी हसून म्हटलं, “काका, चांगल्यातलंच असतं.” त्यांनी शांतपणे चीज नसलेलं काहीतरी मागवलं. रात्री घरी येऊन वाचलं, तेव्हा कान गरम झाले. दूध विरजून चीज करायला जे रेनेट लागतं, ते परंपरेनं वासराच्या जठरातून काढतात. आता बुरशीपासून किंवा सूक्ष्मजीवांकडून केलेलंही मिळतं, आणि पुष्कळ चीज त्यावरच होतं. पण पार्मिजानो रेज्जानोसारख्या चीजच्या नियमातच वासराचं रेनेट आहे. जिलेटिन हाडं-कातड्यांपासून येतं, तर ई-१२० हा लाल रंग किड्यांपासून. म्हणजे ‘शाकाहारी’ ही पाटी दारावर लावून काम संपत नाही. मागवलेल्या प्रत्येक डब्यावरचं बारीक अक्षर कुणीतरी वाचायला लागतं. आमच्याकडे ते आचारी वाचत होते. गिऱ्हाईक प्रश्न विचारत होतं मला.

खरी चूक मात्र त्यानंतरच्या आठवड्यातली. दुपारची गर्दी होती. एका बाईंनी मुलासाठी मागवताना विचारलं, “यात तीळ नाहीत ना?” मी ताट डोळ्यांपुढे आणलं. वर तीळ भुरभुरलेले नव्हते. म्हटलं, “नाहीत.” “नक्की?” “नक्की.” त्या पदार्थाची चटणी वाटलेल्या तिळांचीच होती. शेजारच्या टेबलावर बिल ठेवणाऱ्या आमच्या जुन्या वेटरच्या कानावर ते पडलं. त्यांनी मी ठेवलेली ताटली मुलाचा चमचा लागायच्या आत उचलली, बाईंची माफी मागितली, आणि आत आल्यावर मला एवढंच म्हणाले, “माहीत नाही म्हणायला पैसे पडतात का गं?”

मी त्या रात्री रडले, ते सोडा. दुसऱ्या दिवशी अॅलर्जीच्या याद्या शोधल्या. युरोपीय संघाच्या नियमांत सांगायलाच हव्यात अशा १४ गोष्टी आहेत. त्यातले मासे, कोळंबी-खेकड्यांचा गट आणि शिंपल्यांचा गट सोडले, तर ११ उरतात. त्यात गहू आणि त्याच्या जातीची धान्यं, दूध, शेंगदाणे, काजू-बदामांसारखा सुका मेवा, सोयाबीन, तीळ, मोहरी आहे. अंडं काही शाकाहारी ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. तेही वगळलं तरी १० राहतात. अमेरिकेच्या यादीत ९ आहेत आणि तीळ तिथे २०२३ पासून लागू झाले. आणि मांस नाही म्हटल्यावर ताटाला भारदस्तपणा आणायला आचारी वळतो कुठे? काजूच्या वाटणाकडे, तिळाकडे, सोयाबीनकडे. अॅलर्जी असलेल्या माणसासाठी आमचं स्वयंपाकघर निर्धोक तर नाहीच, तिथे उलट जास्त जपून वागायला हवं.

आता पैशांचं. त्या तीन बिनपगारी दिवसांविषयी मी विचारलं, तेव्हा “टीप मिळेल की” असं उत्तर आलं. मोरीत भांडी घासणाऱ्याला टीप कोण देतं, हे मी विचारलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हॉटेल-रेस्टॉरंटमधल्या कामाविषयी १९९१ चा एक करारच आहे, क्रमांक १७२. टीप म्हणजे गिऱ्हाइकानं स्वखुशीनं दिलेले पैसे, आणि टीप मिळो न मिळो, मूळ वेतन ठरल्या वेळी मिळालं पाहिजे, असं त्यात साफ लिहिलंय. हा करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, तरी त्यातलं म्हणणं कुठल्याही मालकाला समजण्याइतकं सोपं आहे. पगार द्यायचा नसेल, तर त्या दिवसांना निदान ‘शिकण्याचे’ म्हणू नये. आणि शिकवायचं असेल, तर दोन तास पुरतात. विद्यार्थ्याला मेनूतला एकेक पदार्थ चाखायला द्या, त्यात काय पडतं ते सांगा, आणि शंका आली की ‘विचारून सांगतो’ म्हणून बेधडक आत ये, कुणी ओरडणार नाही, असं बजावा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. भर गर्दीत आत जाऊन आचाऱ्यांना प्रश्न विचारायची मला भीती वाटायची, म्हणूनच मी ताटाकडे बघून ठोकून दिलं.

गिऱ्हाइकांनाही एक विनंती. ‘मी शाकाहारी आहे’ किंवा ‘मला चालत नाही’ एवढ्यावर थांबू नका. काय चालत नाही आणि ते आवडीनिवडीमुळे, व्रतामुळे की अॅलर्जीमुळे, हे ऑर्डर देतानाच सांगा. समोरचा पोरगा परवापर्यंत परीक्षेला बसलेला असू शकतो.

मालक वाईट नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. तिळाच्या प्रकारानंतर मी आणि आचाऱ्यांनी बसून मेनूतल्या प्रत्येक पदार्थाची यादी केली, कशात दूध, कशात काजू, कशात तीळ. ती त्यांनी लगेच स्वयंपाकघराच्या दाराला लावू दिली. त्या तीन दिवसांचे पैसे अजून दिलेले नाहीत. परवा तिथल्या मैत्रिणीचा निरोप आला, मेनूत सहा नवे पदार्थ आलेत. मी विचारलं, यादी बदलली का? म्हणाली, “कुठली यादी?”

आपली,
एक विद्यार्थिनी