आई, तुलसी-मिहिरची साथ सोडू नकोस

बेंगळुरू,
५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेचा विषय निघाला, तेव्हा फोनवर आई म्हणाली, "आता मी नाही बघणार तुलसी-मिहिर. या वयात असले बघवत नाही." त्यावर मला जे बोलायचे होते ते राहूनच गेले, कारण स्पीकर सुरू असला की तुम्ही दोघे एकदम बोलता आणि माझे वाक्य अर्ध्यावर राहते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आई, ती नॉयना नावाची बाई मिहिरच्या जवळ येऊ लागल्यापासून तुझे मन त्या मालिकेत लागत नाही, हे मला समजते. पंचवीस वर्षे ज्या नवरा-बायकोला तू आपल्या घरातल्या माणसांसारखे जपलेस, त्यांच्यात उतारवयात तिसऱ्या कुणी यावे, याचा तुला राग येणारच. पण पूर्वीची ती डॉक्टर मंदिरा आठवून बघ. मिहिर स्मृती हरवून तिच्याकडे राहिला, त्यांना करण झाला, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या की आता या मालिकेत उरले काय. तेव्हा तूच त्यांना उत्तर दिले होतेस, "तो विसरला असेल, ती कुठे विसरली आहे?" पुढे तुलसीने त्या करणला आपला मुलगा मानले, तेव्हा तू डोळे पुसलेस आणि काही न बोलता उठून दाराला कडी लावलीस.

'क्योंकि सास भी कभी बहू थी' ३ जुलै २००० रोजी सुरू झाली, तेव्हा मी आठवीत होते. रात्री साडेदहा ही आपल्या घरी झोपेची वेळ होती आणि बाबांची शिस्त कडक होती, तरीही पुजाऱ्याची ती मुलगी तुलसी विराणींच्या घरी सून म्हणून आली, सासू सविताने तिला मनापासून स्वीकारले नाही आणि मिहिर मात्र तिच्या बाजूने उभा राहिला, तेव्हापासून आपल्या घरातला दिवा अकरापर्यंत जळू लागला. बाबा, तुम्ही वर्तमानपत्र समोर धरून बसत होता, पण तासाभरात पान उलटत नव्हते, हे आम्हा दोघींना ठाऊक होते.

२००१ मध्ये मिहिर गेला, त्या रात्रीचे मला सगळे आठवते. आई ओट्याशी उभी होती, कोमट दुधाचे पातेले समोर होते, विरजणाचा चमचा हातात होता, आणि तिथूनच ती पडद्याकडे बघत राहिली. भाग संपला, दिवे मालवले गेले, आणि दुधाला विरजण लावायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी ताटात दही नव्हते. ज्यांना दहीभाताशिवाय जेवण पुरे वाटत नाही, त्या बाबांनी नुसता वरणभात कालवला आणि चकार शब्द काढला नाही. बाबा, तुमचे ते न बोलणे मी आजवर विसरलेले नाही. त्या दिवसांत देशभरातल्या प्रेक्षकांनी इतका शोक केला की मिहिरला कथेत परत आणावे लागले. तो परतल्याच्या रात्री अकरा वाजता आईने शिरा केला आणि झोपलेल्या बाबांना उठवून वाटी हातात दिली.

पुढे मिहिरचा चेहरा बदलत गेला. अमर उपाध्यायनंतर इंदर कुमार आले, मग रोनित रॉय आले. त्याच काळात रोनित रॉय दुसऱ्या मालिकेत मिस्टर बजाजही साकारत होते आणि बाबांचा त्यावरून रोज गोंधळ उडत असे. काही काळ तुलसीच्या भूमिकेत स्मृती इराणींच्या जागी गौतमी कपूर आल्या. कथेने वीस वर्षांची उडी घेतली, घरात नव्या पिढ्या आल्या, त्यांची नावे लक्षात ठेवणे मलाही जमेना, आणि खरे सांगायचे तर मधल्या वर्षांतली कितीतरी वळणे मला पटली नाहीत. पोटच्या मुलावर, अंशवर, तुलसीने गोळी झाडली तो प्रसंग मात्र मी आजही थोर मानते. या सगळ्या उलथापालथीत आई कोणत्याही चेहऱ्यावर अडून बसली नाही. तिला ते दोघे एकमेकांसमोर उभे राहिलेले बघायचे असत, एवढेच. भारनियमनात वीज गेली की ती पुण्याच्या मावशीला फोन लावून एकच प्रश्न विचारत असे, "बोलले का ग एकमेकांशी?"

६ नोव्हेंबर २००८ ला शेवटचा भाग लागला, तेव्हा मी वसतिगृहात होते आणि तू फोनवर बराच वेळ नुसती श्वास घेत होतीस. मधली जवळजवळ सतरा वर्षे तू इतर मालिका पाहिल्यास, पण त्यांतल्या कुठल्याही जोडप्याला तू आपले म्हटले नाहीस. यंदा २९ जुलैला मालिकेच्या नव्या पर्वात स्मृती इराणी आणि अमर उपाध्याय त्याच साडेदहाच्या वेळेला परत येणार, हे कळले तेव्हा तूच मला पहाटे फोन करून उठवले होतेस.

आता ऑगस्टमधली गोष्ट, जिच्यासाठी मी खरे तर लिहायला बसले. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी आठवडाभर घरी होते. डोळ्यांना ताण नको म्हणून बाबा काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आई त्यांच्या खाटेच्या कडेला बसून हलक्या आवाजात सांगत होती, "तुलसी देवघरासमोर उभी आहे. मिहिर मागे येऊन थांबला आहे. अजून काही बोललेला नाही." बाबांनी विचारले, "रागावली आहे का?" आई म्हणाली, "नाही. वाट बघते आहे." मग तुम्ही दोघेही गप्प झालात, आणि दारात उभी असलेली मी आत न येता मागे वळले. माझ्या स्वतःच्या लग्नाला बारा वर्षे झाली, पण एकमेकांना असे काही सांगत बसायला आम्हाला अजून सुचलेले नाही. परत आल्यावर ते मी यांना सांगितले, आणि आता साडेदहाला आम्हीही दोघे मिळून बघतो.

म्हणून आई, तू मधेच उठून जाऊ नकोस. मिहिर चुकेल, तुलसी दुखावेल, कदाचित ती विराणींचे घर, शांतिनिकेतनही सोडेल. त्यांच्यावर याहून वाईट दिवस आलेले आपण पाहिले आहेत. तुला राग आला तर राग येऊ दे, मला रात्री अकराला फोन कर, मिहिरला हवे ते बोल, पण टीव्ही बंद करू नकोस. बाबा, तुम्हाला आता स्वच्छ दिसते हे मला माहीत आहे, तरीही तिला विचारत राहा.

दिवाळीला आम्ही शनिवारी, १८ तारखेला रात्रीच्या जेवणापर्यंत पोहोचतो. गेल्या आठवड्यापासून न पाहिलेले भाग यांच्या मोबाइलवर आहेत, ते आपण चौघे बसून बघू. विरजण मी लावीन.

तुमची लाडकी,
सुमन