कोकणच्या उतारावर ब्रेक जपा

महोदय,
दिवाळीच्या सुटीत जळगाव-धुळ्याकडचे सायकलस्वार कोकणच्या सागरी मार्गाला निघतात. तापीकाठच्या सपाटीवर तयार झालेले पाय तिथल्या चढावर दमतात, पण खरा धोका उतारावर आहे. रत्नागिरी-गणपतीपुळे दरम्यान आरे-वारेसारख्या उतारावर रिम ब्रेक (चाकाच्या कड्याला, म्हणजे रिमला, रबर घासून थांबवणारा) सतत दाबून धरला की रिम तापते, ट्यूबमधला दाब वाढतो आणि ट्यूब फुटते. ब्रेक वळणाआधी, दोन्ही मिळून, सोडत-सोडत दाबावा, वळणात नको. कडेला जांभ्याची बारीक लाल खडी पडलेली असते. तिच्यावर पुढचा ब्रेक लागला की चाक निसटलेच! ब्रेकच्या रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर रबर घरूनच बदलून निघा. चढासाठी मागच्या चाकावर ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी गिअर-चकती हवी. गिअर चढ लागण्याआधीच हलका करावा. पेडलवर जोर देत असताना बदलला तर चेन उतरू शकते. खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, म्हणून रोज रात्री पुसून थेंब-थेंब तेल द्यावे.

सरावाला आपला तोरणमाळचा घाट आहे. लादलेल्या सामानासकट तो एकदा तरी उतरून पाहावा, रिकाम्या सायकलने नव्हे.

– एक सायकलप्रेमी वाचक, भुसावळ