सूचना : आपली ओळख लिहिताना

सर्व सभासदांना नमस्कार.

नव्याने आलेल्या ज्या सभासदांनी आपली ओळख अजून लिहिलेली नाही, त्यांनी ती येत्या रविवारपर्यंत जरूर लिहावी. शिक्षण आणि हुद्दा एका ओळीत पुरे. तुम्ही कशाला महत्त्व देता आणि फावल्या वेळात काय घडवता, हे वाचायची आम्हाला खरी उत्सुकता आहे.

‘मी प्रामाणिक आहे’ एवढ्यावर थांबू नका. त्या मूल्यापायी तुम्ही काय करता, काय नाकारता, ते सांगा. दिलेला शब्द पाळण्यासाठी जास्तीचं काम सोडणारा माणूस दोन वाक्यांत कळतो. छंदाचंही तसंच. नुसतं ‘चित्रकला’ न लिहिता जलरंग की पेन्सिल, सध्या काय चाललंय, कुठे अडलंय, हे लिहा. अडलेलं तर आवर्जून लिहा, कारण त्यातली जाणकार मंडळी बहुधा इथेच भेटतात. विणकाम, सुलेखन, कविता, काहीही चालेल. हात अजून बसलेला नसला तरीही. बक्षिसांची यादी मात्र नको.

घरचा पत्ता, फोन नंबर आणि मुलांचे फोटो टाकू नयेत.

जुन्या सभासदांना विनंती : नुसतं ‘स्वागत’ लिहून पुढे जाऊ नका, प्रत्येक ओळखीला एखादा प्रश्न विचारा.

– संयोजक