ॲपच्या वर्गात मराठी आकडेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दोन महिन्यांत स्वतःचे मोबाइल ॲप’ अशा जाहिराती सध्या गावोगावी दिसतात. आमच्या बचत गटाचा वहीतला हिशेब मोबाइलवर आणावा, एवढ्या हौसेने गेल्या वर्षी मीही अशा एका वर्गात नाव घातले. सर पडद्यावर कोटलिन या ॲप लिहिण्याच्या भाषेत कोड लिहीत, आम्ही तो जसाच्या तसा उतरवून घेत असू, आणि शेवटी सगळ्यांच्या हाती एकसारखा कॅल्क्युलेटर पडला. काही अडले की सर स्वतः येऊन दुरुस्त करून देत. त्यामुळे चूक झाली की लाल अक्षरांत येणारा मजकूर आपण वाचायचा असतो, हेच मला वर्ग संपेपर्यंत उमगले नाही.

घरी गटाचे ॲप करायला घेतले, तेव्हा अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधला आभासी फोन माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर रखडत चाले. सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा टिचकी मारली की डेव्हलपरचे पर्याय उघडतात आणि केबल लावून आपल्याच फोनवर ॲप चालवता येते, ही साधी गोष्टही मला फार उशिरा कळली.

खरी परीक्षा गटाच्या बैठकीत झाली. एका मैत्रिणीने हप्त्याच्या रकान्यात मराठी कीबोर्डवरून ‘१५०’ लिहिले आणि ॲप तत्क्षणी बंद पडले. रात्री लॉगकॅटमध्ये, म्हणजे ॲप चालताना होणाऱ्या नोंदींच्या यादीत, ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ (हा मजकूर संख्या म्हणून वाचता येत नाही) अशी ओळ सापडली. लिहिलेल्या मजकुराची दशांश संख्या करणारे, मी वापरलेले कोटलिनचे ‘टूडबल’ हे फंक्शन फक्त इंग्रजी आकडे ओळखते, तर पूर्णांकासाठीचे ‘टूइंट’ देवनागरी आकडे बिनतक्रार घेते! प्रत्येक देवनागरी आकडा आधी इंग्रजी करून घेणाऱ्या मोजक्या ओळी लिहिल्यावर ते दुखणे गेले. या एका चुकीने मला जेवढे शिकवले, तेवढे त्या कॅल्क्युलेटरने शिकवले नव्हते.

प्ले स्टोअरवर ॲप ठेवण्यासाठीच्या खात्याचे २५ डॉलरचे एकरकमी शुल्क वर्गात सांगितले होते. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, हे कोणी सांगितले नव्हते. माझे निभावले, कारण गटातल्या बारा जणी हौसेने तयार झाल्या. एकट्याने शिकणाऱ्या मुलाने १२ माणसे कुठून आणावीत?

म्हणून वर्ग चालवणाऱ्यांना विनंती, की चूक दाखवणारा संदेश वाचायला पहिल्याच दिवशी शिकवावे, प्रत्येकाला स्वतःच्या गरजेचे एखादे लहानसे ॲप करू द्यावे आणि ते मराठी कीबोर्ड वापरणाऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन तपासायला लावावे. वर्गातच बारा जण असले, तर चाचणीचा प्रश्नही तिथल्या तिथे सुटेल.

आपली,
एक वाचक, कराड