त्या दोघी वकील ताईंचे मनापासून आभार

धाकटा भाऊ खुनाच्या केसमध्ये जन्मठेप भोगतोय आणि 14 वर्षं झाली की आपोआप सोडतात असंच आम्ही धरून चाललो होतो, तसं नसतं, 14 ही कमीत कमी अट, पुढचं सरकार ठरवतं, हे नीट समजावलं तुम्ही दोघींनी. राज्यपालांकडे राज्यघटनेच्या कलम 161 खाली दयेचा अर्ज करता येतो हेही तेव्हाच कळलं. जुनं जजमेंट, फर्लोवरून, म्हणजे तुरुंगातून मिळणाऱ्या ठरावीक दिवसांच्या सुट्टीवरून, दर वेळी वेळेत परत गेल्याच्या नोंदी, आईचे मेडिकल पेपर, सगळं गोळा केलंत आणि एक रुपया घेतला नाहीत, एसटीचं भाडंसुद्धा स्वतःचंच. निकाल यायचाय अजून. पण परवा तुरुंगातल्या भेटीत तो म्हणाला, ताई, माझी फाईल कुणीतरी पूर्ण वाचली गं. खूप रडले मी.